अर्ध्या मिलिमीटरची फट

माझ्या वडिलांनी १९८१ साली एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. गाडी १९७६ची होती, पण आमच्या घरात आणि सगळ्या इमारतीत तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले गेले. गाडीबरोबरच बाबांनी एक कापडी पाठीची हिशेबाची वहीसुद्धा घेतली आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे गाडीवर झालेला प्रत्येक खर्च, मीटरच्या आकड्यासह, त्यात लिहिला. मी इतिहास शिकवत आलो. दप्तरे, रोजनिशा, जमाखर्चाच्या वह्या वाचण्यात माझे आयुष्य गेले, पण घरातल्या या वहीकडे दप्तर म्हणून पाहावे हे निवृत्तीनंतरच सुचले.

वहीत पेट्रोलच्या खालोखाल ज्या शब्दाची सर्वांत जास्त हजेरी आहे तो शब्द म्हणजे ‘पॉइंट’. ‘पॉइंट घासले.’ ‘पॉइंट बदलला, कन्डेन्सरसह.’ ‘घाटात मिसिंग, पॉइंटची फट कमी झाली होती.’ ‘पॉइंट ठीक, प्लग काळे.’ टायर, ब्रेक, क्लच यांच्या नोंदी वर्षाकाठी एखाद-दोन. पॉइंट मात्र दर दोन-तीन महिन्यांनी डोके वर काढतो. पुढे एका पानानंतर हा शब्द जवळजवळ नाहीसाच होतो. त्या पानावर काय घडले, आणि तेच जगभरच्या मोटारींत आधी का घडले, याचा माग काढायचा म्हणून हा लेख.

ज्यांनी पॉइंट कधी पाहिलेला नाही अशा वाचकांची संख्या आता मोठी असणार, म्हणून आधी तो काय करतो ते सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते पेटते. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात आणि गाडीत तर बॅटरी बारा व्होल्टची. हा चमत्कार घडतो कॉइलमध्ये. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काही शे वेढे आणि बारीक तारेचे काही हजार वेढे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो आणि तो एका छोट्या स्विचमधून सांगाड्याला जाऊन मिळतो. हा स्विच म्हणजेच पॉइंट, गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘सीबी पॉइंट’. इंजिनाबरोबर फिरणारा चौकोनी कॅम त्याला ढुशी देतो, पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो आणि कॉइलमधले चुंबकत्व कोसळते. त्या कोसळण्यातून बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. चाळीत राहिलेल्यांना हे पटकन समजेल. धावत्या पाण्याचा नळ एकदम बंद केला की सगळा पाइप कसा दणकतो! ठिणगी हा तोच दणका आहे. नळ सावकाश बंद केला तर दणका बसत नाही, आणि पॉइंटमधला प्रवाह रेंगाळत तुटला तर ठिणगी पडत नाही. प्रवाह चटकन तुटावा आणि पॉइंटवर ठिणग्यांची आतषबाजी होऊ नये म्हणून शेजारी कन्डेन्सर बसवलेला असतो. बोटाच्या पेराएवढी ही डबी बिघडली तर उत्तम पॉइंट असूनही गाडी जागची हलत नाही.

पॉइंट पुरता उघडला की दोन टोकांत साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट पडावी लागते. फट कमी झाली तर पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते आणि गाडी मरगळते. फट जास्त झाली तर कॉइलला चुंबकत्व साठवायला वेळ पुरत नाही. आणि ही फट स्थिर राहत नाही, हीच सगळी मेख. चार सिलिंडरच्या इंजिनाला प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला तीन हजार फेरे असले तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतो. आमच्या फियाटसाठी मी हिशेब करून पाहिला. हायवेवर दहा हजार किलोमीटर धावताना पॉइंट साधारण पावणेपाच कोटी वेळा उघडला असेल. एवढ्या ढुशा खाऊन कॅमला टेकणारी फायबरची टाच झिजते, दर उघडण्यात टंग्स्टनचा कण इकडून तिकडे उडतो, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होते. म्हणजे मोटार ज्या क्षणी गॅरेजमधून नीट होऊन बाहेर पडते, त्याच क्षणापासून ती पुन्हा बिघडू लागते. इतकी हळू, की चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

हे यंत्र ज्या माणसाच्या नावाने ओळखले जाते तो चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन गावी तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीला होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवणे हे त्याचे तिथले मोठे काम. नोकरी सांभाळून तो आणि त्याचे सोबती एका सहकाऱ्याच्या घरामागच्या गोठ्यात मोटारींच्या विजेचे प्रयोग करत. तिथूनच ‘डेल्को’ ही कंपनी जन्माला आली. केटरिंगच्या आधी ठिणगी नव्हती असे मुळीच नाही. फ्रान्समध्ये लेन्वारने १८६० साली आपले गॅस इंजिन कॉइलच्या ठिणगीवरच चालवले होते आणि जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला होता. मॅग्नेटो भरवशाचा खरा, पण महाग, आणि हँडल मारून इंजिन सावकाश फिरवताना त्याची ठिणगी दुबळी. उलट त्या काळच्या कॉइल ठिणग्यांचा सडाच पाडत आणि कोरड्या बॅटऱ्या बघता बघता संपवून टाकत. केटरिंगने एका वेळी एकच जोरकस ठिणगी देणारी व्यवस्था बसवली आणि कॅडिलॅक कंपनीने ती आपल्या १९१०च्या गाड्यांसाठी घेतली. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर, दिवे आणि इग्निशन हे सगळेच विजेवर आले. पुढची साठ वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारींची ठिणगी थोड्याफार फरकाने याच तत्त्वावर पडत राहिली.

पॉइंटच्या टोकांसाठी सुरुवातीला प्लॅटिनम वापरत, नंतर टंग्स्टन आले. स्पॅनिश भाषेत मात्र पॉइंटला अजूनही ‘प्लातिनोस’ म्हणतात. धातू जाऊन किती काळ लोटला, नाव तसेच राहिले. आमच्या फियाटसारखेच.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा इतिहास सांगताना बहुतेक लोक ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करतात. १९४७च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि मग ओघानेच पॉइंट गेला, असा त्यांचा सूर असतो. मला हा क्रम पटत नाही. उपाय हाताशी असूनही मोटार कंपन्यांनी तो कितीतरी वर्षे फडताळात ठेवला होता. जिथे खरोखर अडले होते तिथे, म्हणजे शर्यतींत, तो आधी आला. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेऊ लागले की मिनिटाला चाळीस हजार ठिणग्या लागतात. पॉइंटची स्प्रिंग इतक्या वेगाने मिटू शकत नाही, ती हवेतच थरथरत राहते. म्हणून १९६२ साली बीआरएमच्या फॉर्म्युला वन गाडीत लुकास कंपनीचे ट्रान्झिस्टर इग्निशन होते, आणि ग्रॅहॅम हिल त्याच गाडीत बसून जगज्जेता झाला. पाठोपाठ १९६३च्या काही पॉन्टिअॅक गाड्यांत डेल्को-रेमीने पॉइंट नसलेले इग्निशन देऊ केले. म्हणजे केटरिंगच्याच डेल्कोची वारसदार असलेल्या कंपनीने केटरिंगचा पॉइंट सर्वांत आधी बाजूला काढला. पण गिऱ्हाइकाला ते जास्तीचे पैसे मोजून घ्यावे लागे, आणि फार थोड्यांनी घेतले. इटलीत फियाटनेही साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ‘डिनो’ या स्पोर्ट्स गाडीला मॅग्नेटी मारेल्लीचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. रोजच्या गाड्यांत मात्र पॉइंट ठाण मांडून होता. तो स्वस्त होता, सर्वांना ठाऊक होता आणि दर काही महिन्यांनी बिघडण्यात कंपनीचे काहीच जात नव्हते. जात होते ते गाडीवाल्याचे.

ती व्यवस्था मोडली ती धुराच्या कायद्याने. अमेरिकेत १९७०चा स्वच्छ हवा कायदा झाला. त्यात धुराच्या मर्यादा तर होत्याच, पण त्या गाडीने पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैल, म्हणजे सुमारे ऐंशी हजार किलोमीटर, पाळल्या पाहिजेत अशी अट होती. हा काटा पॉइंटच्या वर्मी बसला. नवी गाडी दारातून बाहेर पडताना पॉइंट लावून देणे कुणालाही जमते. पण ऐंशी हजार किलोमीटर फट तशीच ठेवण्याची हमी कोण देणार? त्यात १९७५च्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्यातले कोरे पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होतो. चुकलेली ठिणगी आता निव्वळ गचका राहिली नाही, तिने महागडा भाग मरू लागला. क्रायस्लरने १९७३ सालीच आपल्या अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना पॉइंटविरहित इग्निशन दिले होते. १९७५ला जनरल मोटर्स आणि फोर्डही तिथे आले. दहा-बारा वर्षे फडताळात पडलेली वस्तू दोन-तीन वर्षांत सगळीकडे झाली.

इथे एक योगायोग नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची कल्पना ज्या प्रयोगशाळेत निघाली, ती जनरल मोटर्सची डेटनमधली प्रयोगशाळा. १९२१च्या डिसेंबरात टॉमस मिजलीने तिथे टेट्राएथिल लेडचा गुण हेरला आणि त्याचा वरिष्ठ होता हाच चार्ल्स केटरिंग. शिशाने इंजिनाची धडधड थांबली, पण शहरांच्या हवेत विष पसरले. कन्व्हर्टरला शिसे चालत नाही, त्याने त्याच्या आतला थर मारला जातो. म्हणून १९७५ साली अमेरिकेच्या नव्या गाड्यांतून शिशाचे पेट्रोल आणि पॉइंट हे दोन्ही एकाच दाराने बाहेर पडले. एका माणसाची दोन देणी, साठ आणि पन्नास वर्षे चाललेली, एकाच कायद्याने एकाच वेळी परत केली. केटरिंग तोवर हयात नव्हता.

आपल्याकडे या सगळ्याचा वारा लागायला आणखी वीस वर्षे जावी लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४पासून फियाट ११०० बनू लागली. इटलीत ती मालिका साठच्या दशकाअखेर थांबली. कुर्ल्यात मात्र तीच गाडी १९७४पासून ‘पद्मिनी’ या नावाने, तेच १०८९ सीसीचे इंजिन आणि तोच पॉइंट घेऊन, शतक संपेपर्यंत निघत राहिली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक असल्यावर कारखान्याला नवा इग्निशन आणायची घाई कशाला असेल? लायसन्स-परमिटच्या त्या काळाची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ केली आहे. मला तिचा एक वेगळा परिणाम दिसतो. तीच गाडी तीस-चाळीस वर्षे निघत राहिल्यामुळे तिला कानाने ओळखणाऱ्या माणसांची एक पिढीच्या पिढी मुंबईत तयार झाली.

आमचे मिस्त्री त्यांतले. परळच्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडखाली त्यांचे गॅरेज होते. बाबांना ते ‘साहेब’ म्हणत आणि बाबा त्यांना नुसते ‘मिस्त्री’. गाडी गल्लीत वळतानाच ते मान तिरकी करून ऐकत आणि बॉनेट उघडायच्या आधीच सांगत, “साहेब, पॉइंट मिटत चाललाय.” फिलर गेज त्यांच्या खिशात असे, पण मी त्यांना तो फारसा वापरताना पाहिला नाही. पोस्टकार्ड दुमडून दुहेरी करायचे, पॉइंटच्या फटीत सरकवायचे, स्क्रू आवळायचा. कार्ड ‘धरले पाहिजे पण अडले नाही पाहिजे’ असे ते म्हणत. मग कॅमला बोटाने चिमूटभर ग्रीस, कॅप घट्ट आणि शेवटी इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर केसभर इकडेतिकडे फिरवून टायमिंग. बाबा हे सगळे शेजारी उभे राहून पाहत. वर्षभरातच ते स्वतः रविवारी सकाळी पोस्टकार्ड घेऊन खाली उतरू लागले. मिस्त्रींना त्याचा राग आला नाही. उलट आपली जुनी फाइल त्यांनी बाबांना देऊन टाकली.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन माझ्या पाहण्यात पहिल्यांदा आले ते मामामुळे. तो लॅमिंग्टन रोडवर तासन्‌तास रमणारा गडी. एका मासिकातले सर्किट पाहून त्याने पत्र्याच्या डबीत एक यंत्र बनवले. पॉइंट तसाच ठेवायचा, पण त्यातून अगदी नाममात्र प्रवाह जाऊ द्यायचा आणि कॉइलचा खरा प्रवाह ट्रान्झिस्टरने तोडायचा, अशी ती योजना. पॉइंट जळत नाही, फक्त त्याची टाच झिजते. तत्त्व निर्दोष होते. मामाने त्यात टू-एन-३०५५ हा तेव्हा ज्याच्या त्याच्या अॅम्प्लिफायरमध्ये असणारा ट्रान्झिस्टर घातला. दादरहून ठाण्यापर्यंत गाडी झकास गेली, येताना भांडुपला बंद पडली. पुढे कळले की प्रवाह तुटताना कॉइलच्या जाड तारेतही क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि हा बिचारा साठ व्होल्टचा धनी. उच्च दाब सोसणारे ट्रान्झिस्टर टीव्हीच्या निमित्ताने बाजारात आले खरे, पण तोवर मामाचा नाद आणि बाबांचा धीर दोन्ही संपले होते. वहीत त्या दिवशी एवढेच आहे : ‘प्रयोग. टॅक्सीने परत.’

१९९५च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल पंपावर आले. २००० साली शिशाचे पेट्रोल देशभरातून गेले. अमेरिकेत वीस वर्षांपूर्वी उघडलेले तेच दार. पण कायदा नव्या गाड्यांना होता. रस्त्यावर आधीच असलेल्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आणला ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेने. त्यातून जुन्या टॅक्सींना सीएनजी बसवण्याचे आदेश निघाले, आणि पॉइंटची खरी परीक्षा झाली ती इथे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा तो पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते आणि तो जळतो सावकाश, म्हणून ठिणगी जरा लवकर पडावी लागते. पेट्रोलवर जो झिजलेला पॉइंट कसाबसा निभावून जाई, तो गॅसवर लगेच उघडा पडे. सिग्नलवर थांबलेली टॅक्सी गचके देऊ लागली की ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडे आणि कॅपच्या दोन क्लिपा काढून पॉलिश पेपरचा तुकडा पॉइंटमध्ये घालून दोनदा ओढे. हे दृश्य मी दादर टी.टी.ला कितीदा तरी पाहिले आहे.

टॅक्सीवाले सरळ इलेक्ट्रॉनिक किट का बसवत नाहीत, असे मी एकदा एकाला विचारले. आझमगडकडचा वयस्कर माणूस होता. त्याने मला उलट विचारले, की पॉइंट बिघडला तर तो इथे, या फुटपाथवर, मी स्वतः दुरुस्त करतो, तुमचा डबा बिघडला तर त्या दिवसाचे भाडे मालकाला कोण देणार? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पॉइंटचा खर्च रोज थोडाथोडा आणि आपल्या हातात, इलेक्ट्रॉनिकचा खर्च क्वचित पण एकदम आणि दुसऱ्याच्या हातात. हातावर पोट असलेला माणूस कोणता निवडेल हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. ज्याला आपण मागासलेपणा म्हणतो त्यात पुष्कळदा असा हिशेब असतो, तो फक्त वहीत लिहिलेला नसतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

आता वहीतले ते पान. २००६ साली मी आमच्या फियाटसाठी एक किट आणले. पॉइंट आणि कन्डेन्सर काढायचे, त्या जागी नखाएवढा सेन्सर बसवायचा, रोटरच्या खाली चार चुंबके असलेली कडी सरकवायची आणि लाल-काळ्या दोन तारा कॉइलला जोडायच्या. चुंबक समोरून गेले की सेन्सरला कळते आणि प्रवाह तुटतो. १८७९ साली एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने शोधलेला परिणाम त्यात वापरलेला असतो. काहीही कशाला टेकत नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. वरून कॅप लावली की आतले काही दिसत नाही. आमच्या गाडीत अर्ध्या तासात काम झाले. इतर जुन्या गाड्यांत मात्र दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते, तिथे नेहमीचे किट लावले तर ते क्षणात जळते. आणि कॉइलचा रोध किटला मानवणारा हवा.

फरक पडला का? पडला. थंड गाडी पहिल्या झटक्याला सुरू होऊ लागली, सिग्नलवरची धडधड एकसारखी झाली, पीयूसीचा आकडा उतरला. पण विकणारे जे सांगतात, की ताकद वाढते आणि मायलेज भरमसाट वाढते, ते मला खरे वाटत नाही. त्यांची तुलना नेहमी झिजलेल्या पॉइंटशी असते. मिस्त्रींनी आदल्या दिवशी लावलेला पॉइंट आणि हे किट यांत सत्तरच्या वेगाला मला तरी फरक कळला नसता. फरक आहे तो सहा महिन्यांनंतर. पावसाळ्यातल्या त्रासावरही हा उतारा नाही. कॅपमध्ये दमट हवा शिरली की ठिणगी वाट चुकते, मग ती पॉइंटची असो की सेन्सरची.

बाबा किट बसवताना काही बोलले नाहीत. काढलेला पॉइंट, कन्डेन्सर, एक बल्ब आणि घडी घातलेले पोस्टकार्ड त्यांनी बिस्किटांच्या चपट्या डब्यात भरले आणि तो डबा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. मग फक्त म्हणाले, “आता वहीत काय लिहायचं?”

पुढच्या वर्षी आम्ही दोघे साताऱ्याला निघालो होतो. वाईला एका झाडाखाली गाडी उभी करून मी चावी चालू ठेवली आणि रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसलो. चाळीस मिनिटे. इंजिन बंद आणि चावी चालू असताना आमच्या त्या किटमधून कॉइलला अखंड प्रवाह जात राहिला. दोन्ही तापत गेले आणि किटने शांतपणे प्राण सोडला. चूक सर्वस्वी माझी, माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिले होते. पॉइंटलाही या चुकीने इजा होते, नाही असे नाही. पण पॉइंट आधी कण्हतो, गचके देतो, दोन-चारशे किलोमीटर इशारे देतो. याने काहीच सांगितले नाही. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल येत होते आणि गाडी म्हणजे नुसता पत्रा.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी डबा काढला. सेन्सर उतरवून पॉइंट चढवला, कन्डेन्सर जोडला, पोस्टकार्ड फटीत घालून स्क्रू आवळला. बल्बची एक तार कॉइलला आणि दुसरी सांगाड्याला लावून मला हाताने इंजिन फिरवायला सांगितले. बल्ब पेटला त्या क्षणी डिस्ट्रिब्युटर आवळला. पाऊण तास गेला असेल. तापलेली कॉइल तेवढ्यात निवली होती, ती सुदैवाने शाबूत निघाली. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले असे मला सांगायला आवडले असते, पण ते रुमालाने हात पुसत होते. वहीत नोंद आहे : ‘इलेक्ट्रॉनिक गेले. जुना पॉइंट बसवला. वाई.’ पुढे मीटरचा आकडा.

मी समजलो की किटचा अध्याय संपला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत भेटणारी मंडळी मला शाबासकी द्यायला तयारच होती. त्यांच्या लेखी पॉइंट म्हणजे अस्सल आणि किट म्हणजे बाट. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. प्रदर्शनात उभी राहणारी गाडी जशी होती तशीच ठेवावी, हे बरोबर. पण रस्त्यावर धावणाऱ्या गाडीमागे जो धूर लोकांच्या नाकात जातो, तो अस्सल असला म्हणून गोड होत नाही. अमेरिकेत जे झाले, आपल्या उच्च न्यायालयात जे झाले, ते याच नाकांसाठी झाले होते.

शेवटी हा प्रश्न माझ्या हातात राहिलाच नाही. त्याच दिवाळीनंतर एका रविवारी बाबा खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी उतरलो तर ते बॉनेटवर ओणवे झाले होते. हातात पोस्टकार्ड, कॅप उघडी. परळची गल्ली तोवर टॉवरखाली गेली होती आणि मिस्त्री गावाकडे.

“तुझं ते किट पुन्हा मिळेल का रे?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “मिळेल. पण तुम्हालाच नको होतं ना?”

“नको होतं,” ते म्हणाले. “पण आता मला फट दिसत नाही.”

दुसरे किट मी आठवड्याभरात बसवले. ते अजून चालू आहे, आणि गाडी उभी असताना मी रेडिओ लावत नाही. बिस्किटांचा डबा कप्प्यात आहे. वहीतली बाबांच्या हातची शेवटची नोंद त्याच दिवसाची : ‘इलेक्ट्रॉनिक पुन्हा बसवले. पॉइंट घासून, तेल लावून डब्यात ठेवला. फट १८ थाऊ.’